म्हणजे येशू ॲक्टिंग करत होता?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. नाव-गाव अर्थातच गाळलं आहे. त्या बरीच वर्षं आपल्या मंडळीत संडे स्कूल घेतात. मोठ्या मुलांच्या वर्गात गेथशेमाने बागेचा पाठ, म्हणजे क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने केलेल्या प्रार्थनेचा, चालू असताना एकाने विचारलं, "टीचर, येशू देव होता ना? मग तो प्रार्थना कोणाला करत होता? स्वतःलाच?" ताई म्हणाल्या, "प्रार्थना कशी करावी हे आपल्याला दाखवण्यासाठी तो तसं करत होता." त्यावर मुलगा म्हणाला, "म्हणजे ॲक्टिंग?" वर्ग हसला, ताईंना हसू आलं नाही. पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले, "हे गूढ आहे, त्यात शिरू नये." यजमानांचं म्हणणं, गोष्टी सांग, गाणी शिकव, एवढ्या खोलात कशाला जायचं? त्यात चुलतभावाने व्हॉट्सॲपवर 'पिता माझ्यापेक्षा थोर आहे' हे वचन पाठवून खाली लिहिलं, की येशू देव नव्हताच, हे सगळं नंतरच्या लोकांनी चिकटवलं. पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावं तसं, आणखी एक आहे: याच वर्षी ताईंची आई कर्करोगाने गेली. शेवटी शेवटी ती फार घाबरायची, आणि भेटायला आलेल्या एका मावशींनी "विश्वासी माणसाला मरणाचं भय नसतं" असं तिला तोंडावर ऐकवलं. ताई विचारतात, "जे मलाच कळत नाही ते मुलांना शिकवायचा मला काय अधिकार? वर्ग सोडून द्यावा का?"

प्रिय ताई, सलाम.

वर्गाचं शेवटी बघू. आधी त्या पोराचं कौतुक करू द्या. त्याने जे विचारलं त्यावर बिशप एकमेकांशी भांडले, सम्राटांनी फर्मानं काढली आणि एका म्हाताऱ्या साधूची जीभ कापली गेली. ती हकिगत पुढे येईलच. तेव्हा रविवारी सकाळी, हातात खडू असताना, तुम्ही अडखळलात यात लाजण्यासारखं काही नाही.

तुमच्या उत्तराबद्दल मात्र स्पष्ट बोलते. 'तो आपल्याला दाखवत होता' हे उत्तर आपल्याकडे सर्रास दिलं जातं, आणि चुकीच्या उत्तरांमध्ये ते सगळ्यांत जुनं आहे. पहिलं शतक संपता संपताच काही जण म्हणू लागले होते, की देवाचा पुत्र खरोखर कसा थकेल, खरोखर कसा मरेल? त्याचं शरीर आणि त्याचं दुःख हा सगळा भास. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याला साखळदंड घालून रोमला नेत होते, श्वापदांपुढे टाकण्यासाठी. वाटेत लिहिलेल्या पत्रात तो विचारतो, की ख्रिस्ताने सोसलं तो नुसता देखावा असेल, तर मी या बेड्यांत कशासाठी आहे? तुमच्या वर्गातला मुलगा 'ॲक्टिंग' म्हणाला तेव्हा तो चेष्टा करत नव्हता. त्याला उत्तर पटलं नव्हतं, आणि ते पटण्यासारखं नव्हतंच.

आता तुमचंच पत्र पुन्हा वाचून बघा. तुम्ही म्हणता, येशू देव होता, म्हणून त्याची प्रार्थना आपल्यासारखी खरी नसणार. भाऊ म्हणतात, प्रार्थना खरी होती, म्हणून तो देव नसणार. मावशी म्हणतात, जिथे देव आहे तिथे भीती नसणार. तिघांची तोंडं तीन दिशांना, पण मनातला हिशेब एकच आहे. देवपण आणि माणूसपण जणू एकाच पेल्यात ओतायचं आहे, दूध वाढलं की पाणी कमी करायचं. हा हिशेब तुम्हाला कोणी शिकवला, ताई? शुभवर्तमानांनी, म्हणजे मार्क, लूक, योहान वगैरेंनी लिहिलेल्या येशूच्या चरित्रांनी, तर नाही. मार्कच्या चौथ्या अध्यायात एकच माणूस मचव्याच्या मागच्या बाजूला उशी घेऊन गाढ झोपलेला आहे, आणि तोच उठून वाऱ्याला गप्प करतो. मार्क कुठेही थांबून म्हणत नाही, की झोपला तो अर्धा माणूस आणि उठला तो अर्धा देव. योहानाच्या अकराव्या अध्यायात येशू मेलेल्या लाजराला उठवणार आहे, आणि त्याआधी कबरेच्या वाटेवर रडतो. उठवणारच होता तर रडला कशाला, असा हिशेबी प्रश्न योहानाला पडलेला दिसत नाही.

मंडळीला हे शब्दांत मांडायला फार वेळ लागला. चौथ्या शतकात आलेक्सांद्रियाचा एरियस म्हणाला, की पुत्र मोठा खरा, सर्व सृष्टीच्या आधीचा खरा, पण तोही निर्माण केलेलाच. तुमच्या भावाने पाठवलेलं वचन त्या काळीही असंच हातोहात फिरत होतं. ३२५ साली निकेया इथे बिशपांनी ठरवलं, की पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे, निर्मिलेला नाही. त्याला २०२५ मध्ये १७०० वर्षं झाली. उपासनेत आपण निकेयाचा मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, म्हणतो तो याच भांडणातून आलेला.

पण मला तुमच्यासाठी त्यानंतरची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. निकेयाच्याच बाजूचा एक हुशार बिशप होता, सिरियातल्या लावदिकियाचा अपोलिनारिस. ख्रिस्ताचं देवपण राखायच्या ओढीने तो म्हणाला, की येशूला शरीर माणसाचं होतं, पण आत विचार करणारं मन माणसाचं नव्हतं, त्या जागी देवाचा शब्द, म्हणजे देवाचा पुत्रच होता. ऐकायला किती भक्तिभावाचं वाटतं! आपल्यातल्या पुष्कळांची येशूबद्दलची कल्पना, तपासून पाहिली तर, हीच निघेल: वरून माणसाचा देह आणि आत सगळं आधीच माहीत असलेला, न घाबरणारा देव. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने ही शिकवण नाकारली. त्या काळी कप्पदुकियाच्या ग्रेगरीने, नाझियान्झसचा ग्रेगरी म्हणतात त्याने, एका पाळकाला लिहिलेल्या पत्रात कारण सांगितलं. त्याचा आशय असा, की जे त्याने स्वतःवर घेतलं नाही ते बरं झालेलं नाही. माणसाचं मन त्याने घेतलंच नसेल, तर आपलं मन तारणाबाहेर राहिलं.

इथे मी तुमच्या आईपाशी येते. ताई, तुम्ही तिचं पत्राच्या अगदी तळाशी लिहिलंत, पण मला वाटतं पत्र तिच्यामुळेच लिहिलं गेलं आहे. ग्रेगरीचं ते वाक्य भीतीलाही लागू आहे. गेथशेमानेत येशू 'अति विस्मित व कष्टी' झाला असं मार्क सांगतो. माझा जीव मरणाएवढा खिन्न झाला आहे, असं तो मित्रांना सांगतो, आणि जागे राहा म्हणून विनवतो. हा प्याला, म्हणजे समोर आलेलं मरण, दूर कर, हे तो एकदा मागून थांबत नाही, पुन्हा जाऊन मागतो. इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायात तर मोठ्या आक्रोशाचा आणि अश्रूंचा उल्लेख आहे. विश्वासी माणसाला मरणाचं भय नसतं हे जर खरं असेल, तर त्या मावशींनी आधी येशूला बागेतून उठवून दोन शब्द सुनवायला हवेत. तुमची आई घाबरली तेव्हा ती विश्वासातून ढळली नव्हती. ती ज्या ठिकाणी होती तिथे तिचा प्रभू आधी जाऊन आलेला होता, आणि तो तिथे नाटक करायला गेला नव्हता. 'दाखवण्यासाठी' हे उत्तर तुम्हाला का बोचलं, ते तुमच्या लक्षात आलं असेलच. ते खरं असतं तर आई त्या खोलीत एकटी पडली असती.

मावशींशी वाद घालू नका. पण पुन्हा तसं बोलल्या तर मार्क १४, ओवी ३३ आणि ३४ वाचून दाखवा, आणि पुढे काही बोलू नका.

आता दोन स्वभावांचं, म्हणजे ख्रिस्तातल्या देवपणाचं आणि माणूसपणाचं. पाचव्या शतकात पारडं इकडून तिकडे झुकत राहिलं. कोणी देव आणि माणूस इतके वेगळे ठेवले की एका ख्रिस्ताचे दोन वाटू लागले. कोणी इतके एकत्र केले की माणूसपण विरघळून गेलं. यात राजकारण भरपूर होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. ४४९ साली इफिसला भरलेल्या सभेत कॉन्स्टँटिनोपलचा बिशप फ्लेव्हियन याला मारहाण झाली आणि थोड्याच दिवसांत तो गेला. रोमचा बिशप लिओ याने त्या सभेला दरोडेखोरांची सभा म्हटलं. दोन वर्षांनी, ४५१च्या ऑक्टोबरात, आजच्या इस्तंबूलमधल्या कादिकॉय भागात, म्हणजे त्या वेळच्या कॅल्सेडॉनला, पुन्हा परिषद भरली. तिने जे ठरवलं ते साध्या मराठीत असं: येशू ख्रिस्त एकच आहे, देवपणात पूर्ण, माणूसपणात पूर्ण, देवपणाने पित्याच्या तत्त्वाचा, माणूसपणाने आपल्या तत्त्वाचा, पाप सोडून सर्व बाबतीत आपल्यासारखा. दोन्ही स्वभावांची मिसळ नाही, त्यांच्यात बदल नाही, फाटाफूट नाही, ताटातूट नाही.

हे चार नकार नीट बघा. देव माणूस 'कसा' झाला हे कॅल्सेडॉनने सांगितलेलंच नाही. कुठल्या वाटा आपल्याला भलतीकडे नेतात तेवढं सांगून परिषद थांबली. म्हणून पाळकसाहेब 'गूढ' म्हणाले ते चूक नाही, पण त्यांनी तो शब्द फार लवकर वापरला. ज्यांनी या गूढावर आयुष्यं घालवली ते सगळे त्यात शिरलेच होते, आणि शिरून कुठवर जाता येतं हे पाहून मग बोलले. आणखी एक: कॅल्सेडॉनने सगळे खूश झाले असंही नाही. इजिप्तचे कॉप्टिक, आर्मेनियन, इथिओपियन, सिरियन ऑर्थोडॉक्स वेगळे राहिले. केरळातले मलंकरा ऑर्थोडॉक्स याच परंपरेतले, आणि पुण्या-मुंबईत त्यांची चर्चेस आहेत. 'देहधारी शब्दाचा एकच स्वभाव' अशी त्यांची भाषा. १९७३ मध्ये पोप पॉल सहावे आणि कॉप्टिक पोप शेनूदा तिसरे यांनी एकत्र जाहीर केलं, की ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे हा आपला दोघांचा विश्वास आहे. भांडण पंधराशे वर्षं चाललं, आणि बरंचसं शब्दांवरून. तेव्हा तुम्हाला एका रविवारात उलगडा झाला नाही म्हणून इतकं मनाला लावून घेऊ नका.

त्या पोराच्या नेमक्या प्रश्नावर मात्र सातव्या शतकात बोलणं झालं. साम्राज्यावर आधी पर्शियन आणि मग अरब चालून आले होते, सम्राटाला ख्रिस्ती लोकांत एकी हवी होती. म्हणून मधला मार्ग निघाला: स्वभाव दोन म्हणा, पण इच्छा एकच म्हणा, देवाची. ६४८ साली सम्राट कॉन्स्टन्स दुसरा याने तर हुकूम काढला, की इच्छा एक की दोन, याची चर्चाच बंद. (तुमच्या यजमानांना हा सम्राट आवडला असता.) मॅक्झिमस नावाचा एक साधू ऐकेना. तो बोट ठेवत होता गेथशेमानेवरच. 'माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे वाक्य खरं असेल, तर 'माझी इच्छा' नावाची काहीतरी खरी गोष्ट तिथे असली पाहिजे. जगावंसं वाटणारी, मरणाला बिचकणारी, माणसाची इच्छा. ती पापी नव्हती आणि खोटीही नव्हती. तिने घाबरत घाबरत, आपणहोऊन, पित्याला होकार दिला, आणि मॅक्झिमसच्या मते आपलं तारण त्या होकारात आहे. तिथे नुसती देवाचीच इच्छा असती तर होकार कोणी कोणाला दिला? मॅक्झिमस ऐंशीच्या घरात असताना त्याची जीभ आणि उजवा हात कापला, म्हणजे बोलणंही बंद आणि लिहिणंही. काळ्या समुद्रापलीकडे, आजच्या जॉर्जियात हद्दपार केलं, आणि तिथे ६६२ साली तो मेला. ६८० ते ६८१ मधल्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने मान्य केलं ते त्याचंच म्हणणं: ख्रिस्ताला दोन इच्छा, दोन्ही खऱ्या, आणि माणसाची इच्छा देवाच्या इच्छेमागे आपखुशीने जाणारी.

मुलांपुढे यातलं काय न्यायचं? परिषदा आणि साल मुळीच नकोत. पुढच्या वेळी त्या मुलाला एवढंच सांगा: "तुझा प्रश्न बरोबर होता, माझं उत्तर नीट नव्हतं. येशू स्वतःला प्रार्थना करत नव्हता, तो आपल्या बापाशी बोलत होता, आणि पिता व पुत्र एकच व्यक्ती नाहीत. तो ॲक्टिंगही करत नव्हता. त्याला खरंच भीती वाटत होती, कारण तो खरंच माणूस झाला होता." मग मार्क १४ मधला तो भाग एका मुलाला मोठ्याने वाचू द्या आणि विचारा, इथे येशूला काय काय हवं होतं? मुलं सांगतील: मित्र जागे हवे होते, प्याला टळायला हवा होता, पित्याची इच्छा व्हायला हवी होती. हे तिन्ही त्यांनी फळ्यावर लिहिलं की तास भरला. भूक लागली तो माणूस, चमत्कार केला तो देव, अशी वाटणी त्यांना करू देऊ नका. कोणी केलीच तर मचव्याची गोष्ट काढा. पाणी-बर्फ-वाफ, अंड्याचे तीन भाग, असले त्र्यैक्याचे (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे समजावणारे) दाखले तर कपाटात बंद करून टाका. मुलं हुशार असतात, दाखला ताणून बघतात आणि तो लगेच फाटतो.

एखादं मूल विचारेल, येशूला लहानपणी सगळं येत होतं का, शाळेत पहिला यायचा का? लूकच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी तो ज्ञानाने वाढत गेला असं लिहिलं आहे. ज्याला सगळं आधीच येतं तो वाढणार कसा? मार्क १३:३२ मध्ये तो स्वतःच म्हणतो, की तो दिवस पुत्राला ठाऊक नाही, पित्यालाच ठाऊक आहे. यावर जुन्या आचार्यांचं एकमत नाही. ग्रेगरीसारखे म्हणाले, देव म्हणून ठाऊक होतं, माणूस म्हणून नव्हतं. काहींनी म्हटलं, ठाऊक होतं पण सांगितलं नाही. दुसरं उत्तर मला पटत नाही, कारण त्यातून पुन्हा 'ॲक्टिंग'च डोकावते. पण तुम्ही मुलांना सांगा की मोठ्या माणसांतही यावर मतभेद आहेत. शिक्षक असं म्हणाले तर मुलांचा विश्वास उडत नाही.

चुलतभावाचं थोडक्यात. 'दोन स्वभाव' ही भाषा नंतरची आहे, इथपर्यंत ते बरोबर आहेत. पण येशूला प्रभू मानणं नंतरचं नाही. फिलिप्पैकरांस पत्र पहिल्या शतकाच्या मध्यावरचं, क्रूसानंतर तीसेक वर्षांच्या आतलं, आणि त्याच्या दुसऱ्या अध्यायात देवाच्या स्वरूपाचा असून दासाचं रूप घेणाऱ्या ख्रिस्ताचं गीत आहे. 'पिता माझ्यापेक्षा थोर' ज्या योहानात आहे, त्याच योहानात शिष्य थोमा येशूला 'माझा प्रभु व माझा देव' म्हणतो. दोन्ही वचनं एकत्र ठेवूनच मंडळीने विचार केला. भावाला उत्तर द्यायचंच असेल तर समोरासमोर चहावर द्या, व्हॉट्सॲपवर वचनाला वचन फेकत बसू नका. आणि त्यांच्या मनात खरी शंका असेल तर तिला मान द्या.

शंकेला मान देण्यासाठी तुमच्यासमोर घरचंच उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरच्या वर्षांत त्र्यैक्य, ख्रिस्ताचं देवपण यांबद्दल आपले प्रश्न वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजच्या प्राचार्य डोरोथिया बील यांना पत्रांतून सडेतोडपणे विचारले. मला पटल्याशिवाय मी म्हणणार नाही, हा त्यांचा बाणा होता. सिस्टर काळजीत पडल्या, रमाबाई बधल्या नाहीत. त्याच रमाबाईंनी पुढे केडगावला बसून, इब्री आणि ग्रीक शिकून, अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. सगळं कळल्यावरच हात घालायचा असं त्यांनी ठरवलं असतं, तर त्या कामाला सुरुवातही झाली नसती.

तर वर्ग. कळत नाही म्हणून सोडू नका. दोन स्वभावांचं पूर्ण कळलेला शिक्षक मिळेपर्यंत थांबायचं ठरवलं तर जगातले सगळे संडे स्कूल बंद करावे लागतील. तुमच्यासारखेच इतर वाचक शिक्षकही मला हेच विचारत असतात, त्यांनाही हेच सांगते. पाळकसाहेबांना मात्र उपासनेनंतर दारात, माणसं हस्तांदोलन करत असताना, हा प्रश्न पुन्हा विचारू नका. तिथे कोणीही 'गूढ आहे' असंच म्हणेल. तासाभराची वेळ मागा, मार्क १४ उघडा, आणि "मुलांना काय सांगू?" एवढंच विचारा. दुसरे शिक्षकही सोबत आले तर उत्तम.

पण आईला जाऊन वर्षही झालेलं नाही. रविवारी उठून वर्गापुढे उभं राहणं जड जात असेल, गेथशेमानेचा पाठ आला की घसा भरून येत असेल, तर दोन-तीन महिने वर्ग दुसऱ्या कोणाकडे द्या. फक्त कारण खरं सांगा. "मला शिकवता येत नाही" असं सांगू नका. "आई गेली आहे, थोडे दिवस हवेत" असं सांगा.